देवी आणि मेकॅनिक

आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. पण म्हणून कुठल्या कंपनीने आपल्या गाडीचं नावच 'देवी' ठेवल्याचं ऐकिवात नाही. ते केलं फ्रेंचांनी, आणि तेही शब्दांचा खेळ करून. सित्रोएन कंपनीच्या त्या गाडीचं कागदोपत्री नाव होतं 'डी एस'. ही दोन अक्षरं फ्रेंच उच्चाराप्रमाणे सलग म्हटली की 'देएस' होतं, आणि 'देएस' म्हणजे फ्रेंचमध्ये देवी!

देवीचा अवतार झाला ऑक्टोबर १९५५ मध्ये, पॅरिसच्या ग्राँ पालेमधल्या मोटार प्रदर्शनात. पडदा दूर झाल्यावर पहिल्या पाव तासात ७४३ आणि दिवस मावळेपर्यंत १२,००० मागण्या नोंदल्या गेल्या, असं सांगतात. महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झाली होती. रस्त्यावर युद्धापूर्वीच्या घडणीच्या, काळ्या, उभट, पेटीसारख्या गाड्या फिरत होत्या. आणि इथे समोर काय होतं? पुढे निमुळतं नाक, जाळी जवळजवळ नाहीच, मागची चाकं पत्र्याआड अर्धी लपलेली, छपराच्या कडेला कर्ण्यासारखे मागचे इंडिकेटर. दुसऱ्या ग्रहावरून आली असावी असं वाटायला लावणारी गाडी.

तुलनेसाठी त्याच सुमाराचं आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट जुळवल्या जात होत्या. बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स लँडमास्टर बनवत होती आणि अँबॅसेडर यायला अजून दोन वर्षं होती. या अँबॅसेडरकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तिला लक्षात ठेवा.

थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. आंद्रे सित्रोएन हा माणूस जाहिरातीचा बादशहा. १९२५ पासून जवळजवळ दहा वर्षं आयफेल टॉवरवर त्याचं नाव दिव्यांनी झळकत होतं. १९३४ मध्ये त्याने पुढच्या चाकांना गती देणारी 'त्राक्सिऑं आवाँ' नावाची गाडी काढली. गाडी काळाच्या पुढची होती, पण ती घडवण्याच्या खर्चात कंपनी बुडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दिवाळं निघालं, कंपनी मिशेलिन या टायरवाल्यांच्या हातात गेली, आणि १९३५ मध्ये आंद्रे सित्रोएन वारला. कंपनीच्या कुंडलीतलं हे पहिलं पान. गाडी जिंकते, मालक हरतो. पुढे पुन्हा एकदा हेच होणार होतं.

मिशेलिनने पाठवलेला नवा प्रमुख होता पिएर बुलांजे. त्याच्या हाताखाली त्राक्सिऑंची वारस शोधायचं काम सुरू झालं. १९५० साली बुलांजे स्वतः गाडी चालवत असताना अपघातात गेला, पण काम थांबलं नाही. ते ज्या तिघांनी तडीस नेलं, त्यांच्यात एकही 'नेहमीचा' मोटारवाला नव्हता. आंद्रे लफेव्र हा मूळचा विमानविद्येचा माणूस. व्वाझँ या विमानं आणि मोटारी बनवणाऱ्या कारखान्यातून आलेला. वजन पुढे ठेवा, वारा कापा, फालतू पत्रा काढा, ही त्याची शिकवण. फ्लामिनियो बेर्तोनी हा इटलीतल्या वारेसे गावाकडचा शिल्पकार. तो गाड्यांचे आकार कागदावर रेघांनी आखण्यापेक्षा हाताने मळून घडवायचा, मूर्तिकार शाडूची मूर्ती घडवतो तसा. आणि तिसरा पॉल माझेस.

या माझेसबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. गडी १९२५ साली सतराव्या वर्षी सित्रोएनमध्ये चिकटला. इंजिनियरिंगची पदवी नाही, मोठ्या संस्थेचा शिक्का नाही. १९४२ मध्ये, म्हणजे पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, बुलांजेने त्याला संशोधन विभागात घेतलं. प्रश्न जुनाच होता. गाडी मऊ हवी की घट्ट? स्प्रिंग मऊ ठेवली तर खड्डे कळत नाहीत, पण चार माणसं आणि सामान चढलं की गाडी मागून बसते. स्प्रिंग घट्ट ठेवली तर भरलेली गाडी नीट चालते, पण एकट्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. बैलगाडीपासून रोल्स-रॉइसपर्यंत सगळे या दोहोंच्या मधला काहीतरी तोडगा काढून गप्प बसले होते. पदवी असती तर माझेसही बहुधा गप्प बसला असता!

त्याने पोलादी स्प्रिंगच काढून टाकली. सायकलचा पंप घ्या, त्याचं तोंड अंगठ्याने दाबा आणि दांडा खाली ढकला. सुरुवातीला सहज जातो, मग जड होत जातो आणि सोडला की उसळून वर येतो. दाबलेला वायू हीच उत्तम स्प्रिंग. माझेसने प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा बसवला. त्यात वरच्या बाजूला नायट्रोजन, खालच्या बाजूला तेलकट द्रव आणि मध्ये रबरी पडदा. चाक खड्ड्यावरून उसळलं की द्रव पडद्याला दाबतो, पडदा नायट्रोजनला दाबतो. आता गंमत अशी की गाडीत माणसं बसली आणि ती खाली गेली, तर एक झडप उघडते आणि इंजिनवर चालणारा पंप जास्तीचा द्रव आत सोडतो. गाडी पुन्हा पहिल्या उंचीवर. माणसं उतरली की जास्तीचा द्रव परत टाकीत. म्हणजे मऊपणा हवा तेवढा ठेवा आणि तरीही गाडी बसणार नाही. १९५४ मध्ये जुन्या त्राक्सिऑंच्या एका मोठ्या मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांवर ही युक्ती वापरून पाहिली आणि पुढच्याच वर्षी देवीच्या चारही चाकांवर.

एकदा दाबाखालचा द्रव गाडीभर खेळवायचाच आहे, तर त्याच्याकडून आणखी कामं का करून घेऊ नयेत? सुमारे दीडशे वातावरणांचा तो दाब. त्यावर स्टिअरिंग हलकं केलं. त्यावरच ब्रेक. त्यावरच क्लच आणि गिअर, त्यामुळे क्लचचं पेडलच गायब. चालकाने स्टिअरिंगमागची एक बारीक दांडी नुसती हलवायची, बाकीचं द्रव बघून घेतो. ब्रेकलाही पेडल नव्हतं. जमिनीतून उगवलेल्या अळंबीसारखं एक रबरी बटण होतं, ते किती खाली जातं यावर नव्हे तर किती जोराने दाबता यावर ब्रेक ठरायचा. सवय नसलेल्या माणसाने पहिल्यांदा दाबलं की मागची मंडळी पुढच्या सीटवर! पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, जे त्या काळी शर्यतीच्या गाड्यांचं लक्षण समजलं जाई. छप्पर फायबरग्लासचं, स्टिअरिंगच्या चक्राला एकच आरा.

आणि या सगळ्या थाटाच्या पोटात इंजिन कुठलं? तर त्राक्सिऑंच्या वंशातलं, चार सिलिंडरचं, १९११ सीसीचं जुनंच. मुळात सहा सिलिंडरचं नवं इंजिन बसवायचं चाललं होतं, ते जमलं नाही. तरी यात एक शहाणपणही लपलेलं आहे. फ्रान्समध्ये गाडीवरचा कर इंजिनाच्या सरकारी 'अश्वशक्ती'वर ठरायचा, आणि मोठ्या इंजिनांवर तो कंबर मोडणारा होता. १९५६ मध्ये त्यात वार्षिक पथकराची भर पडली. दलाहे, होचकिस अशी जुनी खानदानी नावं त्याच दशकात मोटारींच्या धंद्यातून उठली. म्हणजे 'ऐष म्हणजे मोठं इंजिन' हे अमेरिकेला परवडणारं समीकरण फ्रान्समध्ये चालणारच नव्हतं. ऐषारामाची दुसरी व्याख्या शोधणं भाग होतं, आणि सित्रोएनने ती शोधली. ताकद बेताची, पण कष्ट शून्य. मला वाटतं, तंत्रज्ञान म्हणजेच चैन ही आजची समजूत बऱ्याच अंशी तिथून सुरू होते. आज महागडी गाडी विकणारा सेल्समन आधी पडदा किती इंची आहे ते सांगतो आणि इंजिनाचं नंतर, त्याचं मूळ या घराण्यात आहे.

आता अशा देवीबरोबर संसार कसा होता?

सकाळी तुम्ही गाडीजवळ जावं तर ती जमिनीला टेकलेली. रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो आणि गाडी बसते. इंजिन सुरू करायचं आणि थांबायचं. पंप द्रव भरू लागतो आणि गाय उठते तशी गाडी उठते, आधी मागचा भाग आणि मग पुढचा. शेजारच्या पोरांना हा रोजचा फुकट तमाशा. मग निघायचं. फ्रान्सचे ते दुतर्फा झाडांचे राष्ट्रीय रस्ते, मधूनच गावातली दगडी फरसबंदी, आणि आत बसलेल्यांना होडीत बसल्यासारखं वाटायचं. काहींना खरोखरच होडी लागायची, हेही सांगायला हवं! रस्ता खराब असेल तर चालकाशेजारची दांडी ओढून गाडी उंच करायची. चाक बदलायचं तर जॅक मारत बसायला नको. गाडी पूर्ण उंच करा, बाजूला टेकू लावा, मग दांडी एकदम खाली करा. गाडी आपली चाकं आपणच पोटाशी ओढून घेते. मागचं चाक काढायला वरचा पत्रा काढावा लागायचा, पण तो एकाच बोल्टवर.

इथपर्यंत सगळं छान. पण देवी म्हटली की कोपही आलाच.

प्रकल्प इतका गुप्त ठेवला होता की गावोगावच्या गॅरेजवाल्यांना तयारीला वेळच मिळाला नाही. ज्यांचा सगळा जन्म कार्ब्युरेटर साफ करण्यात आणि ब्रेकचे पट्टे बदलण्यात गेला, त्यांच्यापुढे एक दिवस अशी गाडी येऊन उभी राहिली, जिच्या अंगभर शिरांसारख्या बारीक नळ्या आणि प्रत्येक नळीत असा दाब. पहिल्या काही वर्षांत नळ्या गळायच्या, झडपा अडकायच्या. आणि एक अवयव गेला की एकच काम अडायचं असं नाही, कारण रक्त सगळ्यांचं एकच. द्रव गेला की गाडी खाली बसे, स्टिअरिंग दगडासारखं जड होई. ब्रेकला शेवटचा दाब राखून ठेवायची सोय होती म्हणून बरं.

दुखण्याचं मुख्य मूळ होतं त्या द्रवातच. सुरुवातीचा द्रव वनस्पतीजन्य तेलावर आधारलेला, नंतरचा कृत्रिम, पण दोघांनाही हवेतलं पाणी शोषून घ्यायची खोड. पाणी शिरलं की आतून गंज, आणि या यंत्रणेतले भाग तर इतके काटेकोर बसवलेले की गंजाचा कणही पुरे. सित्रोएनने दोन उपाय केले. पहिला व्यवहाराचा. १९५७ पासून 'आय डी' नावाची स्वस्त बहीण विकायला आणली. निलंबन तेच, पण क्लचचं पेडल, हाताचा गिअर आणि साधं स्टिअरिंग परत आलं. (आय डी म्हणजे 'इदे', फ्रेंचमध्ये 'कल्पना'. देवी नको असेल तर कल्पना घ्या!) टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली, आणि लांब पाठीच्या आवृत्तीच्या रुग्णवाहिका झाल्या, कारण रुग्णाला धक्के न देणारं दुसरं वाहन नव्हतंच. दुसरा उपाय मुळावरचा. १९६६ च्या सुमारास पाणी न शोषणारं खनिज तेल आलं, हिरव्या रंगाचं. जुनं आणि नवं एकत्र झालं तर रबरी भागांचा सत्यानाश, म्हणून नव्या यंत्रणेचे सुटे भागही हिरवे रंगवले. कसलीही पदवी नसलेल्या गॅरेजातल्या पोऱ्यालाही एक नजर टाकून कळावं की या गाडीला हिरवं पाजायचं. माझ्या मते देवीच्या सगळ्या चमत्कारांत हा हिरवा रंग सर्वांत थोर. त्या रंगात 'दुरुस्त करणारा माणूसही या यंत्राचा भाग आहे' ही कबुली आहे.

देवी पावली तो प्रसंग तर जगाला माहीत आहे. २२ ऑगस्ट १९६२ ची संध्याकाळ. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यामुळे चवताळलेल्या बंडखोरांनी पॅरिसबाहेर पती क्लामारजवळ राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला. गाडी साधी डी एस, चिलखत नाही. टायर फुटले, काचा फुटल्या, आत द गॉल, त्यांच्या पत्नी आणि जावई. चालक फ्रांसिस मारूने गाडी थांबवली नाही, उलट वेग वाढवला, आणि फुटक्या टायरांवर ती वेगाने निसटली. कोणालाही इजा झाली नाही. कटाचा सूत्रधार बास्तियँ-तिरी याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला. फ्रेडरिक फोरसिथच्या 'द डे ऑफ द जॅकल'ची सुरुवात याच घटनेभोवतीची. श्रेय कोणाला द्यायचं? भक्त म्हणतात निलंबनाला. मी म्हणेन गाडीला आणि मारूला निम्मं निम्मं.

कौतुकाला विचारवंतही कमी पडले नाहीत. रोलाँ बार्तने १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात या गाडीवर एक निबंधच लिहिला आणि मोटारींची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथीड्रलांशी केली. वाचायला छान आहे. पण बार्तची देवी प्रदर्शनातली आहे, लोक स्पर्श करून बघताहेत अशी. गॅरेजातली देवी त्यात नाही.

पुढची हकिकत भराभर सांगतो. १९६५ मध्ये रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोसाठी गाडीची पातळी राखायची सित्रोएनची यंत्रणा परवाना घेऊन वापरली. पदवी नसलेल्या माझेसची विद्या थेट राजघराण्यात गेली म्हणायची! १९६७ मध्ये देवीला काचेआडचे नवे डोळे मिळाले. त्यातले आतले दिवे स्टिअरिंगबरोबर वळत, म्हणजे वळणाच्या पलीकडचा रस्ता आधी उजळायचा. अमेरिकेच्या नियमांत ते बसेना, म्हणून तिथे ते गेलेच नाहीत. बेर्तोनी आणि लफेव्र दोघेही १९६४ सालीच वारले होते. एप्रिल १९७५ मध्ये पॅरिसच्या जावेल धक्क्यावरच्या कारखान्यातून शेवटची डी एस बाहेर पडली. वीस वर्षांत साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या झाल्या.

आणि कंपनी? ती पुन्हा बुडाली. नवनव्या इंजिनांचे प्रयोग, मासेरातीची खरेदी, एकाच वेळी अनेक नव्या गाड्या, आणि वर १९७३ चा तेलाचा भडका. १९७४ ते १९७६ या काळात प्यूजोने तिला गिळलं. माझेसचे गोळे पुढच्या पिढ्यांत टिकले, ते २०१७ मध्ये सी फाइव्ह या गाडीबरोबर संपले. जावेलचा कारखाना पाडून तिथे बाग झाली आहे. १९९२ साली उघडलेल्या त्या बागेला नाव आंद्रे सित्रोएनचं.

आता अँबॅसेडर. १९५७ ते २०१४, इतकी वर्षं ती बनत राहिली आणि थोडीफारच बदलली. तिला कोणी देवी म्हटलं नाही, तिच्यावर कुठल्या तत्त्वज्ञाने निबंध लिहिला नाही. पण ती साताऱ्याच्या पुढे घाटात बंद पडली तर पाना, पक्कड आणि तारेचा तुकडा असलेला कोणीही तिला चालती करायचा. आपण तिला हसलो, आणि परवान्यांच्या राज्याने आपल्यापुढे पर्यायच ठेवला नव्हता हेही खरं. तरी तिच्या मालकाला एक स्वातंत्र्य होतं जे देवीच्या मालकाला नव्हतं. आपली गाडी आपल्याला कळते, हे ते स्वातंत्र्य.

चालकाचे कष्ट यंत्राने घ्यावेत, हे माझेसचं स्वप्न मला मनापासून पटतं. पण कष्ट नाहीसे होत नाहीत, ते जागा बदलतात. चालकाच्या पायातून ते नळ्यांमध्ये गेले आणि नळ्यांमधून मेकॅनिकच्या डोक्यावर. आजच्या महागड्या सेडानमध्ये नळ्यांच्या जागी संगणक आहेत. काचेवर लाल दिवा लागतो, आणि कंपनीचं यंत्र जोडल्याशिवाय तो का लागला हे शहरातल्या उत्तम कारागिरालाही सांगता येत नाही. त्याला अक्कल नाही म्हणून नव्हे, त्याला कुलपाची किल्ली दिलेली नाही म्हणून. २०२२ साली आपल्या केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही होत्या. तो प्रश्न फक्त श्रीमंतांच्या गाड्यांचा नाही. आज जे महागड्या गाडीत असतं ते दहा-पंधरा वर्षांत तुमच्याआमच्या गाडीत येतं, कुलपासकट.

सित्रोएनने निदान चुकीतून शिकून सुट्या भागांना हिरवा रंग दिला. गल्लीतल्या फिटरला वाचता येईल अशी भाषा वापरली. म्हणूनच शेवटची गाडी बनून पन्नास वर्षं उलटल्यावरही शेकडो डी एस युरोपच्या रस्त्यांवर रोज सकाळी गाईसारख्या उठून उभ्या राहतात. त्या ज्यांच्या हातून जगल्या, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. देवळाचा कळस सगळ्यांना दिसतो, पण देवीची रोजची पूजा गुरवच करतो.

असो. येत्या दसऱ्याला गाडीला हार घालाल तेव्हा एक फूल तुमच्या मेकॅनिकच्या पान्यालाही वाहा.